चार मिनिटं हलायचं नाही

माझे भावोजी माणसं पुसायचे. हे मी रागाने म्हणत नाही, तो त्यांचा धंदाच होता.

ते इमारत नोंद कार्यालयात छायाचित्रकार होते. शहरातल्या प्रत्येक इमारतीचा दर दोन वर्षांनी एक फोटो काढायचा, तोही काळा-पांढरा, आणि त्यात माणूस दिसता कामा नये. रंगीत का नाही, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "रंग फसवतो रे. भिंतीला गुलाबी रंग फासला की फुगवटा लपतो. काळ्या-पांढऱ्यात भिंतीला खोटं बोलता येत नाही." आणि माणूस का नको? "माणूस आज आहे, उद्या नाही. त्याची कसली नोंद ठेवायची?"

आता भर रस्त्यावरची माणसं हटवणार कशी? तर भिंगापुढे एक काळी काच लावायची, झाकण काढायचं आणि चार मिनिटं थांबायचं. चार मिनिटांत इमारत काही जागची हलत नाही, त्यामुळे ती स्वच्छ उमटते. माणसं येतात, जातात, भांडतात, मान खाजवतात. ती उमटतच नाहीत. बाजारपेठेचा सकाळी अकराला काढलेला त्यांचा फोटो तुम्ही बघाल तर म्हणाल, इथे साथ आली होती की काय. तिवईला ते ओळंबा टांगत, त्याच्या दोऱ्याशी भिंतीची कड जुळली नाही तर कॅमेरा इंचभर इकडे, अर्धा इंच तिकडे, असा तासभर खेळ चाले. लोक त्यांना ओळंबाच म्हणायचे. समोरसुद्धा म्हणायचे, आणि त्यांना तो मान वाटायचा.

स्वतःच्या लग्नाचा फोटोही त्यांनी स्वतःच काढला, कारण दुसऱ्याच्या हातून खांब तिरके येतात. चार मिनिटं. सभागृह फारच सुंदर आलं. बाराच्या बारा खांब ताठ, खुर्च्या सगळ्या मोकळ्या. माझ्या ताईने तो फोटो कपाटात पालथा घालून ठेवला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, यांची बायको. म्हणून तर हे सगळं मला माहीत.

आमची इमारत एकच. तिसऱ्या मजल्यावर कोपऱ्याच्या दोन खोल्यांत ते दोघं, आणि तळमजल्यावर मी आणि माझं केस कापायचं दुकान. आमच्या इमारतीचेही फोटो भावोजींनीच काढलेले, तीस वर्षांत पंधरा. प्रत्येक फोटोत माझं दुकान उघडं आणि खुर्च्या रिकाम्या. गिऱ्हाईक मान हलवतं, माझी कात्री तर थांबतच नाही, मग दिसणार काय? "तीस वर्षांत माझ्या दुकानात एक कुत्रं फिरकलं नाही असं वाटतं यावरून," मी म्हणायचो. ते म्हणायचे, "पण पायरीची कड बघ काय आलीय!"

तर एका सकाळी दारावर नोटीस डकवलेली सापडली. इमारत तीस वर्षं निर्मनुष्य असल्याचं नोंदींवरून सिद्ध झालं आहे, सबब ती पंधरा दिवसांत पाडण्यात येईल.

कार्यालयात नव्या मॅडम आल्या होत्या. कामाला वाघ. आधीच्या कुणी कपाट उघडलं नव्हतं, यांनी आल्या आल्या तीस वर्षांचे सगळे फोटो एकेक करून तपासले आणि त्यांच्या लक्षात आलं की या शहरात कोणीच राहत नाही. पाडकामाचं यंत्र एकच असल्यामुळे सुरुवात एका इमारतीपासून करायची होती. त्यांनी सगळ्यांत स्वच्छ फोटो निवडला. आणि सगळ्यांत स्वच्छ फोटो आमचा, कारण स्वतःच्या घरासाठी भावोजी जास्त मेहनत घ्यायचे. काय बोलणार? त्या दिवशी मी दोन गिऱ्हाइकांचे कल्ले वरखाली कापले.

आम्ही सगळे भाडेकरू कार्यालयावर गेलो. पहिल्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या मावशी, दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर, जुळ्या मुलींना दोन्ही हातांना धरून त्यांची आई, मी, आणखी चारपाच जण. मॅडमनी सगळ्यांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं.

"मॅडम, आम्ही राहतो तिथे. हे काय, तुमच्यासमोर उभे आहोत!" मी म्हणालो.

"त्याबद्दल वादच नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही इथे उभे आहात. तिथे नाही."

"विजेची बिलं आहेत आमच्याकडे."

"दिवा जळत असेल. दिवा जळतो म्हणजे माणूस राहतो असं कुठे आहे? शहरातलं एवढं पाणी जातं कुठे, हेही मला कळत नव्हतं. आता वाटतं, नळ उघडे राहिले असतील."

मास्तर म्हणाले, "अहो, तुमच्या छायाचित्रकारालाच विचारा ना! तोही तिथेच राहतो."

मॅडमनी भावोजींकडे पाहिलं. ते कोपऱ्यात उभे होते, चेहरा पार उतरलेला. "तुम्ही काढलेल्या फोटोंत काही चूक आहे का?"

सरळ 'हो' म्हणून मोकळं व्हावं की नाही? पण तीस वर्षांचं काम. "नाही मॅडम," ते म्हणाले. "फोटो बिनचूक आहेत."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आपलेच दात आपलेच ओठ, म्हणून गप्प बसलो.

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी वाट काढून दिली. याच कॅमेऱ्याने, याच छायाचित्रकाराने, याच पद्धतीने काढलेल्या फोटोत रहिवासी दिसले तर नोटीस मागे. पद्धत मात्र तीच, चार मिनिटांचीच. नाहीतर जुन्या फोटोंशी ताडून कसं बघणार? आता धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आमच्यापुढे एकच मार्ग उरला. सगळ्यांनी चार मिनिटं पुतळ्यासारखं उभं राहायचं.

तालमी मी घेतल्या. माणसाला हलू न देणं हे माझं पोटापाण्याचं काम, वस्तऱ्यापुढे भलेभले गार होतात. पण वस्तरा हातात नसला की माझंही कोणी ऐकेना. मास्तर उत्तम उभे राहायचे, पण दुसरं कोणी हललं की बोट दाखवून "हललास! हललास!" करायचे. जुळ्यांपैकी एक थांबली की दुसरी सुरू. मावशींना उभं राहिलं की चक्कर यायची, म्हणून त्यांनी आधाराला आपला कपडे चढवायचा पुतळा आणला, कापडाचा, बिनडोक्याचा. पाडकामाचं यंत्र तोवर समोर येऊन उभं राहिलं होतं आणि त्याचा ड्रायव्हर वेळ जात नाही म्हणून माझ्या दुकानात बसून तालमी बघायचा. मी त्याला विचारलं, "आम्हाला बाहेर काढायला पोलीस वगैरे येणार का हो?" तो म्हणाला, "कशाला? रिकामीच आहे म्हणतात ना."

ताई तालमीला एकदाही आली नाही. "मी वरून उभी राहीन," म्हणाली. "माझी जागा ठरलेली आहे." त्या गडबडीत कोणी लक्ष दिलं नाही. मीही नाही.

फोटोच्या दिवशी भावोजींनी आम्हाला इमारतीपुढे ओळीने उभं केलं, ओळंबा लावून. झाकण काढलं. पहिलं मिनिट झकास गेलं. दुसऱ्या मिनिटाला एका जुळीला शिंक आली, दुसरी हसली, आईने दोघींना चापट मारली, मास्तरांनी बोट दाखवलं. तिसऱ्या मिनिटाला एक अनोळखी गृहस्थ येऊन मला विचारता झाला, "दुकान चालू आहे का?" आणि तीस वर्षांची सवय, मी वळून म्हणालो, "बसा, आलोच."

फोटो आला. इमारत लाजवाब. तिच्यापुढे फरशीवर ओळीने दहा जोड्या चपला, एकेका अंगठ्याची शिवण मोजता येईल इतक्या स्पष्ट. चपलांच्या वर थोडंसं धुकं. पाय तेवढे कोणी हलवले नव्हते. आणि मध्यभागी मावशींचा पुतळा, सुरेख.

मॅडमनी भिंग लावून पाहिलं. "चपला काढून ठेवलेल्या दिसतात. म्हणजे सोडून गेले असावेत." मग त्यांचं भिंग पुतळ्यावर थांबलं. "हे गृहस्थ मात्र आहेत. यांचं डोकं आलेलं नाही, पण बाकी व्यवस्थित आहेत. हे इथे राहतात?"

"राहतात!" आम्ही एका सुरात म्हणालो. मावशी तर म्हणाल्या, "माझ्याकडेच असतात." एक रहिवासी सिद्ध झाला तरी इमारत वाचत होती.

"तो पुतळा आहे," भावोजी म्हणाले.

कोणी विचारलं होतं का? सांगा ना मला, कोणी विचारलं होतं का?

घरी येताना कोणी त्यांच्याशी बोललं नाही. सात दिवस उरले होते. संध्याकाळी आम्ही सगळे जिन्यात बसलो, वरच्या पायरीपासून खालच्यापर्यंत, आणि जो तो भावोजींना बोलून घेत होता. मीच सगळ्यांत जास्त. "तीस वर्षं माणसं पुसलीत, आता त्याचं फळ म्हणून आम्ही रस्त्यावर! ताईला कुठे नेणार आहात? त्या लग्नाच्या सभागृहात? तिथे खुर्च्या मोकळ्याच आहेत!" ते खालच्या पायरीवर ऐकून घेत बसले होते. ताई वरून भाजीची पिशवी घेऊन उतरत होती, तिला वाट द्यायला सगळे सरकले.

"एवढं काय चाललंय?" ती म्हणाली. "मी आहे की जुन्या फोटोंत."

"कुठे?" मास्तर म्हणाले.

"खिडकीत. दर वेळी असते. यांना विचारा, हे बघतातच."

सगळ्यांनी भावोजींकडे पाहिलं. भावोजींनी ताईकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "मी खिडक्या काळ्या करतो."

हे समजून घ्यायला मला वेळ लागला. कार्यालयाला खिडकी म्हणजे काळा चौकोन लागतो. म्हणून फोटो कागदावर छापताना भावोजी खिडक्यांवर जास्त वेळ उजेड पाडायचे. जास्त उजेड पडला की काळं होतं, असा तो उलटा कारभार.

"काळ्या करता?" ताईने विचारलं. "सगळ्या?"

"सगळ्या. तीस वर्षं."

ताईने पिशवी पायरीवर ठेवली. "आपलं लग्न होऊन महिना झाला होता," ती म्हणाली, आणि ती आम्हाला सांगत नव्हती. "तुम्ही पहिल्यांदा आपल्या इमारतीचा फोटो काढत होतात. मी खिडकीत आले तर खालून ओरडलात, आत जा, नाहीतर हलू नकोस! मला आत जायचं नव्हतं. मग नाही हलले. तेवढीच चार मिनिटं तुम्ही माझ्याकडे तोंड करून उभे असायचात. दर दोन वर्षांनी. मला वाटायचं, फोटोत बघत असाल. कधी बोलत नाही, पण बघत असाल."

ताई पिशवी तिथेच टाकून वर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावोजींनी न्हाणीघराची खिडकी कांबळं लावून बंद केली आणि मला मदतीला घेतलं. लाल दिव्यात पंधरा निगेटिव्ह ओळीने मांडले. त्यांनी फक्त ती एक खिडकी मोठी करून छापायला घेतली, काळी न करता. पहिला कागद द्रावणात टाकला. आधी चौकट आली, मग राखाडी काहीतरी, मग माझी ताई. बावीस वर्षांची. खांद्यावरून पुढे घेतलेली जाड वेणी. सरळ कॅमेऱ्यात बघत होती.

मी केसांचा माणूस, मला केसच दिसत गेले. तिसऱ्या फोटोत वेणी तीच, सहाव्यात निम्मी. आठव्यात हात गळ्यात बांधलेला, त्या वर्षी जिन्यावरून पडली होती. अकराव्यात कपाळाजवळ पांढरं. पंधराव्यात केस आखूड, माझ्याच कात्रीने कापलेले. पण एकाही फोटोत ती तसूभर हललेली नव्हती. तालमी मी कुणाकुणाच्या घेत बसलो होतो!

"ही खिडकी नेहमी जरा उजळ यायची," भावोजी म्हणाले. "मला वाटायचं पडदा आहे. म्हणून हिला मी इतरांपेक्षा जास्त वेळ द्यायचो. काळी करायला." आणि मग ते रडले. त्यांच्यावर चिडून जन्म गेला माझा, पण त्या दिवशी मला त्यांची फार दया आली. मी खांद्यावर हात ठेवला, तर म्हणाले, "बोटं ओली आहेत तुझी, कागदाला लावू नकोस."

मॅडमनी पंधराही फोटो तपासले आणि मान डोलावली. निर्णय असा झाला: इमारतीत एक रहिवासी आहे. स्त्री. ती तीस वर्षं खिडकीत उभी असून तिथून हललेली नाही. इमारत पाडता येणार नाही.

"आणि आम्ही?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही या खिडकीतल्या बाईंचे पाहुणे. प्रत्येकाने अर्ज भरायचा, त्यावर किती दिवस राहणार ते यांनी लिहायचं, सही करायची. आणि प्रकरण बंद करायला आठवड्यात एक ताजा फोटो हवा."

ताईने एका बैठकीत सगळ्यांच्या अर्जांवर 'कायम' लिहून सह्या केल्या. पाहुणे झाल्यावर त्याच दिवसापासून सगळ्यांनी जिना झाडणं सोडलं. शेवटी भावोजींचा अर्ज आला. नातं या रकान्यात तिने 'नवरा' लिहिलं. मुदतीच्या रकान्यापाशी थांबली. "हे नंतर लिहीन," म्हणाली आणि अर्ज मीठ-मसाल्याच्या डब्याखाली ठेवला.

चार दिवस तो तिथेच होता. ती चहा देत होती, जेवायला वाढत होती, भांडत नव्हती. भावोजी घरात पाहुण्यासारखे वागायला लागले. पाणी प्यायचं तरी विचारून. पाचव्या दिवशी माझ्या दुकानात येऊन म्हणाले, "माझा अर्ज नकोच. मी रहिवासीच होतो. फोटोत येतो."

"फोटो काढणार कोण?"

"मीच. दुसऱ्याने कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, नियम आहे. झाकण काढायचं, एका मिनिटात तिसरा मजला, दोन मिनिटं उभं राहायचं, एका मिनिटात खाली, झाकण लावायचं. निम्मा तरी उमटेन."

"भावोजी, तुम्ही अठ्ठावन्न वर्षांचे आहात."

"तू घड्याळ घेऊन उभा राहा. तीन मिनिटं झाली की हाक मार. आणि कॅमेऱ्याला हात लावलास तर याद राख."

फोटोच्या सकाळी माझ्या खुर्चीत यंत्राचा ड्रायव्हर होता, गालाला साबण लावलेला. त्याला तसाच सोडून मी बाहेर आलो. भावोजींनी झाकण काढलं आणि धावले. जिन्यातून त्यांच्या चपलांचा आवाज वर वर गेला. ताई खिडकीत नेहमीच्या जागी होतीच. मग तिच्या शेजारी ते आले. एवढे धापा टाकत होते की खालून खांदे दिसत होते. हळूहळू खांदे थांबले.

तीन मिनिटं झाली. मी हाक मारली, "भावोजी!"

कोणी हललं नाही.

"भावोजी, वेळ झाली!" चार. पाच. मास्तर बाहेर आले, मावशी आल्या. सगळ्यांनी हाका मारल्या. सात मिनिटं, दहा मिनिटं. झाकण माझ्यापासून वीतभर अंतरावर, आणि हात लावायची सोय नाही. ड्रायव्हर साबण सुकलेल्या गालाने येऊन म्हणाला, "मेले-बिले नाहीत ना?" मी म्हणालो, "मेलेला माणूस एवढा वेळ उभा राहत नाही." चाळीस मिनिटांनी भावोजी खाली आले, सावकाश, कठड्याला धरून. झाकण लावलं आणि कॅमेरा उचलून वर गेले.

दुपारी फोटो आला. चाळीस मिनिटं ऊन खाऊन इमारत पार जळाली होती. भिंत नाही, कडा नाहीत, पायरी नाही, सगळा कागद पांढराफटक. त्या पांढऱ्यात वरच्या कोपऱ्यात तेवढा एक चौकोन, आणि त्या चौकोनात, सावलीत होते म्हणून, ताई आणि भावोजी. कडा जराशा मऊ, पण ओळखू येणार नाहीत असं नाही. लग्नाला तीस वर्षं झाली त्यांच्या, आणि दोघांचा मिळून हा पहिला फोटो.

मॅडमनी तो बराच वेळ पाहिला. "रहिवासी दोन, हे ठीक," त्या म्हणाल्या. "पण इमारत कुठे आहे?"

इमारत आढळली नाही, अशी नोंद झाली. नसलेली इमारत पाडता येत नाही, म्हणून यंत्रही गेलं. ताईने अर्ज डब्याखालून काढून फाडून टाकला.

एवढं सगळं झाल्यावर मी एकदा केस कापताना भावोजींना विचारलंच. "सगळा फोटो वाया घालवलात. आम्ही घसा कोरडा करत होतो, ऐकू नाही आलं?"

"आलं की."

"मग खाली का नाही आलात?"

"हिने हात धरला होता," ते म्हणाले. "सोडवून घेतला असता तर फोटो हलला असता."